बर्फाच्या मधोमध ठेवलेला थर्मामीटर
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेच्या बिलाचा आहे, पीकविम्याचा आहे. त्यात हवामानाचा विषय आम्ही मुद्दाम घालून घेतला. कारण गेल्या वेळी मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, ''पाऊस येणार, नाही येणार, हे सांगणारे लोक कशावरून सांगतात? कुणी कुठं जाऊन पाहतं तरी का?'' सभेत हशा झाला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मृगाचा पहिला पाऊस पडला की सरकी टोबावी की थांबावं, या एका निर्णयावर आपलं वर्ष उभं असतं. पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा पैसा दोनदा आणि उत्पन्न एकदा, तेही झालं तर. तेव्हा ज्या आकड्यांवर अंदाज उभा राहतो ते आकडे येतात कुठून, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आम्ही काही जणांनी मिळून याबद्दल वाचलं. वाचता वाचता फार लांब गेलो, पार उत्तर ध्रुवाच्या बाजूला, ग्रीनलंडपर्यंत. तिथली १९३० सालची एक हकिगत तुम्हाला सांगायची आहे. हवामानाचा एक आकडा काय किमतीला पडतो, ते त्यातून कळतं.

ग्रीनलंड हे जगातलं सगळ्यात मोठं बेट. नाव 'हिरवा प्रदेश', पण कडेची पट्टी सोडली तर सगळा बर्फ. आणि बर्फ म्हणजे आपल्याकडच्या गारांसारखा वीतभर थर नव्हे. मध्यभागी तीन किलोमीटरच्या आसपास जाडीचा. हजारो वर्षं पडलेलं हिम दबून दबून त्याचा डोंगर झालेला. युरोपातली वादळं ज्या समुद्रावरून येतात त्याच्या उशाशी हा बर्फाचा डोंगर बसलेला आहे. तिथल्या मधल्या भागात हिवाळ्यात हवा काय करते, थंडी किती, वारा कुठला, हे १९३० पर्यंत कुणालाही ठाऊक नव्हतं. तर्क पुष्कळ होते. मोठमोठ्या पंडितांचे तर्क होते. पण वर्षभर तिथे राहून कुणी थर्मामीटर वाचलेला नव्हता.

ते करायचं ठरवलं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन माणसाने. शाळेत जाणाऱ्या पोरांना हे नाव भूगोलाच्या पुस्तकात भेटतं. जगातले सगळे खंड पूर्वी एकत्र होते, ते सरकत सरकत लांब गेले, असं त्याने १९१२ साली मांडलं. त्याच्या हयातीत बहुतेक भूगर्भवाले त्याला हसले. १९६०च्या दशकात ते मान्य झालं. पण वेगेनरचा मूळ धंदा हवामानाचा. त्याचा सासरा व्लादिमीर कोपेन, हाही हवामानाचाच माणूस. जगातल्या हवामानाचे प्रकार पाडून त्यांना अक्षरं देणारा तो हाच. पाऊस कमी आणि ऊन जास्त, असा आपला दख्खनचा कोरडवाहू पट्टा आजही नकाशात त्याच्याच अक्षरांनी दाखवतात. सासऱ्याने आपल्या रानाला नाव दिलं आणि जावई बर्फात गेला, असं म्हणायला हरकत नाही.

वेगेनरचा बेत साधा होता. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक ठाणं, पूर्व किनाऱ्यावर एक, आणि दोन्हींच्या मध्ये, बर्फाच्या ऐन पोटात, तिसरं. तिन्ही साधारण एका रेषेत. मधल्याचं नाव 'आइसमिट्टे', म्हणजे बर्फाचा मध्य. पश्चिम किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत. नागपूरहून नांदेडला जाताना जेवढी वाट तुडवावी लागते त्याहून जास्त, आणि वाटेत ना गाव, ना झाड, ना पाणी. उंची सुमारे तीन हजार मीटर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

आता खरा प्रश्न तोच, जो आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. माल पोचवायचा कसा? चारशे किलोमीटर आत माणसं वर्षभर राहणार म्हणजे खाणं, रॉकेल, लाकडी खोली, उपकरणं, रेडिओ, सगळं ओढून न्यायचं. १९३०च्या मे महिन्यात जहाज किनाऱ्याशी पोचलं, तर खाडीतला बर्फ फुटायलाच तयार नाही. पाच आठवड्यांहून जास्त वेळ फुकट गेला. आपल्याकडे पेरणीचे आठ दिवस हुकले की सगळा हंगाम मागे सरतो. तिथे उन्हाळाच तीन महिन्यांचा. त्यातून जे मागे पडलं ते शेवटपर्यंत भरून निघालं नाही. वेगेनरचा भरवसा दोन मोटर-स्लेजवर होता. मागे पंखा लावलेल्या, बर्फावर घसरत जाणाऱ्या गाड्या. त्या त्या शरदात चढाच्या मऊ बर्फात अडकल्या आणि आइसमिट्टेपर्यंत पोचल्याच नाहीत. यंत्र आलं की सगळं सोपं होतं असं सांगणारे आपल्याकडेही कमी नाहीत. शेवटी भार पडला कुत्र्यांवर आणि कुत्री हाकणाऱ्या ग्रीनलंडच्या माणसांवर.

जुलैच्या अखेरीला योहानेस गेओर्गी नावाचा हवामानवाला मधल्या ठाण्यावर पोचला आणि त्याने नोंदी सुरू केल्या. काही आठवडे तो तिथे एकटाच होता. सप्टेंबरमध्ये एर्न्स्ट झोर्गे आला. लाकडी खोली आली नाही. रेडिओ आला नाही. रॉकेल लागेल त्याच्यापेक्षा कमी. मग दोघांनी बर्फात खाली गुहा खोदली. बर्फाचेच ओटे ठेवून त्यावर झोपायचं. पेव खोदून माणसं आत राहिल्यासारखं समजा. बाहेरच्यापेक्षा आत ऊब, पण ऊब म्हणजे काय, तर पाणी गोठतं त्याच्याही खालीच.

या दोघांनी एक चिठ्ठी किनाऱ्याकडे पाठवली. अमक्या अमक्या गोष्टी २० ऑक्टोबरपर्यंत आल्या नाहीत, तर आम्ही ठाणं सोडून हाताने स्लेज ओढत पायी परत निघू, असा तिचा अर्थ. चिठ्ठी वाचून वेगेनर हादरला. त्या थंडीत चारशे किलोमीटर पायी येणं म्हणजे मरण. तो स्वतः निघाला. सोबत फ्रिट्झ लोवे हा दुसरा हवामानवाला, तेरा ग्रीनलंडी गाडीवान आणि पंधरा स्लेज. तारीख होती सप्टेंबरची २१-२२.

इथे आम्हाला जरा थांबायचं आहे. पुढे काय झालं हे पुस्तकांत लिहिलेलं आहे, पण बहुतेक पुस्तकं साहेबाच्या बाजूने लिहिलेली. साठ-बासष्ट किलोमीटर गेल्यावर तेरांपैकी नऊ गाडीवानांनी परत फिरायचं ठरवलं. दीडशे किलोमीटरच्या सुमाराला आणखी तिघे परत फिरले. काही लिहिणारे याला डरपोकपणा म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. जो माणूस जन्मभर त्या बर्फावर कुत्री हाकतो, त्याला मऊ बर्फ, सुटलेला वारा आणि उतरत चाललेला पारा यांचा अर्थ कळतो. ही माणसं किनाऱ्याची. आतल्या बर्फाचा हिवाळा त्यांच्या बापजाद्यांनी कधी अंगावर घेतला नव्हता, कारण तिथे खायला मिळेल असं काही नाही. मजुरीसाठी कुठवर जायचं याचा हिशेब त्यांनी केला. आभाळ पाहून आपण वखर थांबवतो, तेव्हा आपल्याला कुणी भित्रा म्हणत नाही. त्या बारा जणांचा अंदाज त्या दिवशीचा सगळ्यात अचूक हवामान-अंदाज होता, असं आम्हाला वाटतं.

तेरावा मात्र गेला. त्याचं नाव रास्मुस विलुमसेन. वय बावीस-तेवीस. नाव लक्षात ठेवा.

तिघांनी चाळीस दिवस काढले. वाटेत पारा शून्याखाली पन्नास अंशांच्याही खाली गेला. स्लेज हलकी करायला सामान टाकत टाकत गेले. ३० ऑक्टोबरला आइसमिट्टेला पोचले तेव्हा ज्या सामानासाठी निघाले होते त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. आणि पोचल्यावर काय कळलं? गेओर्गी आणि झोर्गे यांनी तोवर आपला बेत बदलला होता. गुहेत तग धरता येतो असं त्यांना दिसलं होतं, ते निघणारच नव्हते. म्हणजे ज्या कारणासाठी तीन माणसांनी जीव पणाला लावला ते कारणच उरलं नव्हतं. आणि हे किनाऱ्याला कळवायला साधन नव्हतं, कारण रेडिओ वाटेवरच राहिला होता. निरोप वेळेवर न पोचणं काय असतं, हे आपल्याला सांगायला नको. बाजार पडल्याची बातमी गाडी भरून निघाल्यावर आली तर तिचा काय उपयोग?

लोवेच्या पायाची बोटं थंडीने मेली होती. सडायला लागली. डॉक्टर नाही, भुलीचं औषध नाही. गेओर्गीने खिशातला चाकू आणि पत्रा कापायची कात्री घेऊन ती कापली. लोवे त्यानंतर कित्येक महिने झोपण्याच्या पिशवीत पडून होता. पुढे तो हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला स्थायिक झाला आणि तिथल्या विद्यापीठात त्याने हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. बोटं नसलेल्या पायांनी तो १९५१ साली पुन्हा बर्फावर गेला, या वेळी दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकात.

गुहेत पाच जणांपुरतं अन्न नव्हतं. १ नोव्हेंबरला वेगेनर आणि रास्मुस परत निघाले. त्या दिवशी वेगेनरला पन्नास वर्षं पूर्ण झाली. मग सहा महिने झाले ते असं. किनाऱ्यावरची माणसं समजत होती, वेगेनर आइसमिट्टेला हिवाळा काढतोय. आइसमिट्टेची माणसं समजत होती, तो किनाऱ्याला सुखरूप पोचला. दोघांचाही जीव शांत. मे १९३१ मध्ये वाट मोकळी झाल्यावर लोक आत गेले, तेव्हा सगळं उघड झालं. निम्म्या वाटेवर बर्फात वेगेनरची स्की उभी खोचलेली सापडली. खाली त्याचा देह, नीट शिवलेल्या कापडात गुंडाळून पुरलेला. हे रास्मुसने केलं होतं. मग वेगेनरची रोजनिशी घेऊन तो पुढे निघाला आणि त्या पांढऱ्या रानात कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. ना तो सापडला, ना रोजनिशी.

आता तुम्ही विचाराल, यातून मिळालं काय?

मिळाली ती एक वही. वर्षभराची. हिवाळाभर गुहेतली तीन माणसं, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. तरी दिवसातून तीन वेळा ठरल्या वेळी बाहेर जाऊन उपकरणं वाचणं चुकलं नाही. गेओर्गी तर वर्ष पूर्ण व्हावं म्हणून ऑगस्ट १९३१ पर्यंत थांबला. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. शून्याखाली एकोणचाळीस अंशांपाशी पारा गोठतो, म्हणून तिथे स्पिरिटचा थर्मामीटर लागतो. थर्मामीटरच्या जवळ तोंड नेलं तर श्वासाचं दव जमून आकडा चुकतो, म्हणून श्वास रोखून वाचायचं. वारा मोजणाऱ्या वाट्यांवर हिम चढतं, ते झटकायचं. बर्फ किती पडला हे भांड्यात मोजता येत नाही, वारा आडवा उडवून नेतो. त्यासाठी काठ्या रोवून ठेवायच्या आणि किती बुडाल्या ते पाहायचं. शिवाय हवेत फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढायचा, म्हणजे वरचा वारा कळतो. झोर्गेने गुहेतूनच खाली पंधरा मीटर खोल विहीर खोदली. पाण्याची नव्हे, बर्फाची. थराथराने बर्फाचं वजन केलं. दरवर्षीचं हिम कसं दबत जातं याचा जो नियम त्यातून निघाला तो आजही त्याच्या नावाने ओळखतात.

त्या वहीने सांगितलं की वर्षाची सरासरी तिथे शून्याखाली तीस अंश. एका रात्री पारा शून्याखाली जवळजवळ पासष्टवर गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जमिनीलगतची हवा सगळ्यात थंड आणि वर जावं तशी काही अंतर ऊब वाढते. थंड हवा जड, ती बर्फाच्या उतारावरून पाण्यासारखी किनाऱ्याकडे वाहते. हे आपल्याला नवीन नाही. पौषात खोलगट वावरातली तूर करपते आणि माळावरची वाचते, ती याच कारणाने. आणि बर्फावर कायम स्वच्छ, जड हवेचा गोळा बसलेला असतो, वादळं त्याला वळसा घालून जातात, असा जो एक मोठा तर्क होता, तोही पुरता खरा ठरला नाही. वादळं आतपर्यंत येत होती. घरात बसून हे कळलं नसतं.

ग्रीनलंडच्या आकड्यावरून आपल्या वावरात कधी पाऊस पडेल, असं कुणी सांगत असेल तर त्याला दारात उभं करू नका. संबंध तसा सरळ नाही. पण हवेला बांध नसतो. आजचे अंदाज संगणकावर सगळ्या पृथ्वीची हवा मांडून काढतात. जिथून आकडा येत नाही तिथे संगणकाला अडाख्याने भरावं लागतं. म्हणून आपल्या देशानेही अंटार्क्टिकात १९८३-८४ साली 'दक्षिण गंगोत्री' उभारलं. ते बर्फाखाली दबत गेलं. मग १९८९ साली खडकावर 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती'. आपल्या हवामान खात्याचे निरीक्षक मैत्रीवर वर्ष वर्ष काढून नोंदी घेत आले आहेत. घरापासून इतकं लांब, चोवीस तास रात्र असलेल्या दिवसांत.

आता मोजणी पुष्कळशी यंत्रं करतात. पण यंत्रालाही माणूस लागतो. ग्रीनलंडवर अशी यंत्रं उभी करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते कोनराड स्टेफेन ऑगस्ट २०२० मध्ये आपल्याच तळाजवळ बर्फाच्या भेगेत पडून वारले. आणि पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट २०२१ रोजी, ग्रीनलंडच्या सगळ्यात उंच जागी, ३२०० मीटरवर, कित्येक तास पाऊस पडला. हिम नव्हे, पाऊस. नोंदी ठेवायला लागल्यापासून पहिल्यांदा. तिथे पर्जन्यमापक नव्हतं, कारण तिथे कधी पाऊस पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पाऊस पडला हे कळलं ते तिथे राहणाऱ्या माणसांनी पाहिलं म्हणून. किती मिलिमीटर पडला, ते मोजलं गेलं नाही.

हे ऐकून तुमच्यातले बरेच जण मान हलवताहेत. कारण आपलं दुखणं हेच आहे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात. यंत्र मंडळाच्या एका गावात, पाऊस दुसऱ्या गावात. इकडे कपाशीची बोंडं सडली, ज्वारीचं कणीस काळं पडलं, आणि कागदावर पाऊस चाळीस. आपण तोंडाने सांगतो, ''साहेब, लई पडला.'' 'लई' हा आकडा नाही. जिथे माणूस राहत नाही तिथे तिघांनी गुहेत राहून वर्षभराची वही भरली. आपण तर इथेच राहतो.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही एक ठराव ठेवत आहोत. प्रत्येक गावात निदान एकाने पावसाची वही ठेवावी. साधं पर्जन्यमापक बाजारात मिळतं. ते नसेल तर सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा चालेल. त्यात साचलेल्या पाण्याची पट्टीने मोजलेली उंची म्हणजेच मिलिमीटरमध्ये पाऊस. डबा झाडापासून, भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब, मोकळ्यात ठेवावा, कलंडणार नाही असा बसवावा. रोज सकाळी साडेआठला वाचावा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. वाचल्यावर पाणी ओतून टाकावं. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी जागा कोरी सोडू नये, शून्य लिहावं. कोरी जागा म्हणजे वाचलं नाही, शून्य म्हणजे पडला नाही. दावा करताना या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपली वही सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पण शेजारच्या चार गावांच्या वह्या एकच गोष्ट बोलू लागल्या, तर तक्रार घेऊन जाताना हातात काहीतरी असेल.

वह्या मृगाच्या आधी तालुका कार्यालयात मिळतील. ज्यांना ठेवायची आहे त्यांनी जाताना दारापाशी नाव आणि गाव लिहून द्यावं.